मृगाआधी झाडाचा गळा मोकळा करा

मे अर्धा सरला की विचारणा सुरू होते. फांद्या कोणत्या छाटायच्या, पावसाआधी खत कुठे घालायचं, आंब्याला कोणतं औषध सोडायचं. त्यांची उत्तरं खाली आहेत, पण आधी एक काम करा. आज संध्याकाळी झाडाजवळ जा, खाली वाका आणि बुंधा जमिनीला टेकतो ती जागा बघा.

निरोगी झाडाचा बुंधा खाली येताना पसरतो. मुळांच्या जाड धारा चारी बाजूंना उतरताना दिसतात. हा झाडाचा गळा. बुंधा विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत घुसलेला दिसला, तर गळा गाडला गेला आहे. एकाच बाजूची धार दिसत नसेल, तर त्या बाजूला भर पडली आहे. मुंबईत मी जेवढी मोठी झाडं वाळताना पाहिली, त्यांतली निम्म्याहून जास्त या एका दुर्लक्षाने गेली. कीड आली ती नंतर.

आरेतल्या एका पाड्यावर एका आजींच्या वाडीत सात जुने आंबे होते. पावसात खालच्या अंगाला पाणी साचायचं. एका ट्रकवाल्याने फुकट भराव टाकून देतो म्हटलं, घरच्यांनाही ते सोयीचं वाटलं. विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा, वर लाल माती, असा अडीच फूट थर थेट बुंध्यांना लागला. पुढच्या मोसमात आंबे कधी नव्हे एवढे मोहरले. आजी म्हणाल्या, "बाय, पान दिसत नव्हतं एवढा मोहोर." मी तेव्हाच घाबरायला हवं होतं, पण मीही खूश झाले. जीव धोक्यात आलेलं झाड कधी कधी असं शेवटचं भरभरून फुलतं, हे मला पुढे कळलं. दुसऱ्या वर्षी पानं लहान झाली, शेंडे वरून वाळू लागले. तिसऱ्या दिवाळीपर्यंत चार झाडं उभी सुकली. मधल्या काळात घरच्यांनी दुकानातून "मुळांचं टॉनिक" म्हणून तीन वेळा बाटल्या आणल्या होत्या.

पाचव्या झाडाचा बुंधा आम्ही हाताने उकरला. दीड फुटावर साल काळपट आणि ओली लागली. अंगठा दाबला तर उकडलेल्या बटाट्याची सोलावी तशी निघून आली, आतून आंबूस वास. मातीला मात्र गटाराचा वास होता. तो वास विसरू नका, पुढे कामाला येईल.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे दुकानदार काय सांगतो ते तोलता येईल. खाडीकाठी गेलात तर तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीएवढ्या काड्या वर आलेल्या दिसतात. ती त्याची श्वास घेणारी मुळं. त्यांच्यावर भराव पडला की तिवर गुदमरून मरतं, हे कोळीवाड्यातल्या पोरांनाही ठाऊक असतं. आंबा, फणस, वर्षावृक्ष (रेन ट्री), गुलमोहर यांच्या मुळांनाही तसाच श्वास लागतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. त्यांची पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या एक-दोन फुटांतच असतात, कारण हवा तिथेच पोचते. वर दोन फूट ठोकून बसवलेला भराव टाकला की ती मुळं एकदम तळघरात जातात. त्यात आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. भरावाच्या फटी पाण्याने भरतात, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू सरकतो. बारीक मुळं कुजतात. पावसाळाभर झाड हिरवंच दिसतं, कारण पाण्याची गरज कमी असते. ऑक्टोबरचं ऊन पडलं, पानांनी पाणी मागितलं, की द्यायला मुळं शिल्लक नसतात.

दुसरी इजा सालीला होते. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. बुंध्याची साल कायम ओल्या मातीत राहण्यासाठी नसते. ती सडली की साखरेची वाट तुटते आणि मुळं उपाशी पडतात. खोडात आणि मुळांत साठवलेल्या स्टार्चवर झाड दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त तगतं. म्हणून भराव टाकणारा माणूस कधी पकडला जात नाही.

सोसायट्यांत हेच हळूहळू होतं. दर दुरुस्तीला आवार चार-सहा इंच उंच होतं, पेव्हर ब्लॉक बुंध्याला चिकटून बसतात. मुंबईत वर्षावृक्ष पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीने वाळले तेव्हा सगळे ढेकणाच्या मागे लागले. ढेकूण होताच, पण मला जास्त नुकसान सिमेंटचा गळफास असलेल्या झाडांत दिसलं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो एक मीटर मी कमीत कमी धरते.

आता काम. पाऊस मुंबईत साधारण 11 जूनच्या आसपास येतो, एखादी वळवाची सर आधीच पडते. भराव एकदा भिजला की चिखल होतो, मग तो काढताना साल निघते. म्हणून हे पंधरा दिवस हातचे घालवू नका.

टिकाव-कुदळ बुंध्याजवळ अजिबात आणू नका. बाहेरची माती घमेल्याने काढा, शेवटचा वीतभर थर खुरप्याने किंवा बांबूच्या कामटीने. मुळांची धार दिसेपर्यंत खाली जा, तिथे थांबा. काम उन्हं उतरल्यावर करा आणि उघडी पडलेली मुळं ओल्या गोणपाटाने झाका, मेचं ऊन त्यांना एका दुपारीत जाळतं. भराव जुना असेल आणि त्यात झाडाने नवी मुळं सोडली असतील, तर सगळा एकदम काढू नका. यंदा निम्मा, उरलेला पुढच्या वैशाखात. गळ्याभोवती गुंडाळलेलं करंगळीएवढं मूळ कापलं तर चालतं, मनगटाएवढ्याला जाणकार माणसाला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

सगळा भराव हलवणं शक्य नसेल तर बुंध्यापासून निदान एक मीटर सोडून सुक्या दगडांचा गडगा रचा, सिमेंट न लावता, आणि आतली माती काढा. तिथे पाणी साचणार असेल तर उताराकडे चर काढून द्या, नाहीतर गळ्याभोवती डबकं होईल. बाहेरच्या भरावात फांद्यांच्या टोकापर्यंत पहारीने दीड-दोन फूट खोल भोकं पाडा आणि त्यांत खडी आणि जाडंभरडं शेणखत भरा.

माती श्वास घेते का ते बघायला मी दोन गोष्टी करते, पुस्तकात सापडतीलच असं नाही. फूटभर खड्डा काढून त्यात बादलीभर पाणी ओतायचं. अर्ध्या तासाने पाणी तसंच दिसलं तर त्या जागी झाड पावसाळाभर गुदमरणार. आणि माती मुठीत घेऊन हुंगायची. पहिल्या पावसासारखा वास आला तर ठीक. गटाराचा किंवा सडक्या अंड्याचा आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

गुदमरलेल्या झाडाला टॉनिक, ह्युमिक, मुळं वाढवणारी बाटली यातलं काही देऊ नका. हवा नसलेल्या मुळाला ते घेता येत नाही, तेच पैसे भराव काढायच्या मजुरीला लावा. पॅक्लोब्यूट्राझोल या मोहोराच्या औषधाचं तर नावच नको. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची मात्रा हापूसच्या निरोगी झाडासाठी आहे: झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला 3 मिली, 15 जुलै ते 15 ऑगस्टदरम्यान. हे औषध फांदीची वाढ रोखून मोहोर आणतं. ज्या झाडाची शिल्लक आधीच संपत आली आहे, त्याला आणखी मोहोर आणणं म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणं.

बाकीची नेहमीची कामं:

– छाटणी: वाळलेल्या, मोडक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्याच. शेंडा तोडू नये, नंतरचे फुटवे कमकुवत धरतात आणि वादळात तेच मोडतात. फांदीच्या बुडाची फुगीर कड राखून काप घ्यावा. महापालिका हद्दीत छाटणीआधी उद्यान विभागाची परवानगी.
– आंब्याच्या कापावर बोर्डो पेस्ट: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. डांबर नको.
– भिरूड: भोकातून भुसा दिसल्यास तारेच्या हुकाने अळी ओढून काढावी.
– पिठ्या ढेकूण: 5 टक्के निंबोळी अर्क. मुंग्यांची चढण बंद करावी.
– खत: बुंध्याशी नाही, फांद्यांच्या टोकांखाली चर काढून.
– पालापाचोळा जाळू नये. तीन इंच पसरावा, बुंध्यापासून हातभर लांब.
– नवं रोप: कुंडीतल्या मातीच्या पातळीवरच लावावं. काठीला सैल बांधावं; वाऱ्याने हललं की खोड जाड होतं. वर्षाने काठी काढावी.
– 2 × 2 मीटर अंतरावर लावलेला साग: पहिली विरळणी पाचव्या वर्षाच्या सुमारास, दुसरी दहाव्या.

पावसात बुंध्याशी कठीण, तपकिरी, चकचकीत भूछत्रं उगवली, किंवा एका बाजूची जमीन उचललेली दिसली, तर त्या झाडाखाली गाडी लावू नका, पोरांना खेळू देऊ नका. मुंबईत महापालिकेच्या 1916 या फोन क्रमांकावर कळवा आणि वॉर्डच्या उद्यान विभागाला लेखी द्या.

आजींच्या वाडीत पाचवं झाड गेलंच. सहाव्या-सातव्याचा गळा आम्ही दोन वैशाखांत मोकळा केला. पहिल्या वर्षी सहाव्याला एकही मोहोर आला नाही, घरच्यांनी मला बोल लावले. मी त्या झाडाची पानं मोजत बसले होते. नव्या फुटीवरची पानं पुन्हा वीतभर लांब झाली होती.