गिऱ्हाईक वाढवायचंय? फोटो खिडकीपाशी काढा

जाहिरातीवर रुपयाही न घालता पार्लरला नवं गिऱ्हाईक आणतात ते फोटो. कटच्या आधी आणि नंतर, त्याच खिडकीपाशी, तेवढ्याच अंतरावरून, मागून आणि बाजूने काढा. ट्यूबलाइटखाली कलर हिरवट दिसतो आणि तीन तासांची मेहनत मातीत जाते. परवानगी आधी विचारा. चेहरा नको म्हणाली तर नुसते केस. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस 24 तासांत जातं, म्हणून तेच फोटो गुगल मॅपवरच्या मोफत नोंदीतही टाका. सेलू, गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी स्टेटस आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ठेवा, खेड्यांवरच्या बायका सकाळी गावात येतातच. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट मात्र देऊ नका. गुगलच्या नियमात ते बसत नाही, रिव्ह्यू उडू शकतात.