जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन मधूनच बंद पडत असेल तर दोष कसा शोधावा

गाडी आठवड्यातून एखाद्या वेळी रस्त्यातच बंद पडते, थोड्या वेळाने काही झालेच नाही अशी सुरू होते आणि गॅरेजात नेली की तासभर बिनतक्रार चालते. असा दोष सापडत नाही, कारण मेकॅनिक गाडी पाहतो तेव्हा दोष हजरच नसतो. म्हणून जे तपासायचे ते गाडी बंद पडलेली असतानाच, पहिल्या पाच-दहा मिनिटांत तपासले पाहिजे. अंदाजाने एकेक सुटा भाग बदलत जाण्यात पैसे जातात आणि दोष तसाच राहतो. माझ्या पाहण्यात तरी अशा गाड्यांचा पेट्रोल पंपच सर्वांत जास्त वेळा विनाकारण बदलला जातो.

त्याआधी सुरक्षिततेचे पाहू. इंजिन बंद पडताच पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदत एक-दोनदा पेडल दाबेपर्यंतच उरते. त्यामुळे ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरावा, धोक्याचे दिवे लावावेत आणि गाडी डाव्या कडेला घ्यावी. चाक फिरत असताना किल्ली पूर्ण मागे फिरवू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकते. पुणे-हैदराबाद महामार्गावर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात. तिथे बॉनेट उघडण्याआधी गाडी रस्त्याबाहेर गेली आहे याची खात्री करावी.

इंजिन कसे बंद पडले हे बारकाईने आठवणे, हा तपासणीचा निम्मा भाग आहे. बटण दाबून दिवा मालवावा तसे एका क्षणात बंद पडले, तर दोष बहुधा विजेचा असतो, म्हणजे इग्निशन (ठिणगीची यंत्रणा), सेन्सर, रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा अर्थिंग (बॅटरीच्या ऋण टोकाची इंजिन-बॉडीशी जोडणी) यांपैकी कशाचा तरी. आधी झटके मारत, मिसिंग करत, पिकअप सोडत बंद पडले, तर पेट्रोल कमी पडत असण्याची शक्यता जास्त. आमच्या सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलवर थांबल्यावरच बंद पडत असेल, तर आयडलिंगकडे, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन संथ चालू राहण्याकडे, पाहावे. तुळजापूरच्या घाटात चढावरच त्रास होत असेल, तर पंप किंवा फिल्टर भाराखाली पुरा पडत नसावा. वेळ, ऊन, टाकीतील पेट्रोल, एसी चालू की बंद आणि गाडी किती वेळ चालली होती हे एका वहीत दरवेळी लिहून ठेवावे. चार-पाच नोंदींनंतर साम्य दिसू लागते.

सोलापुरात हा त्रास एप्रिल-मेमध्ये वाढतो. पारा चाळिशीपार गेला की बॉनेटखाली गरम झाल्यावरच बिघडणारे भाग उघडे पडतात आणि त्यांत क्रँक सेन्सर (इंजिन फिरते आहे हे कॉम्प्युटरला कळवणारा) व इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी जादा व्होल्टेज देणारी) हे दोन आघाडीवर असतात. क्रँक सेन्सरच्या आतील बारीक तारेचे वेटोळे तापल्यावर तुटक होते, सिग्नल थांबतो, कॉम्प्युटरला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही आणि तो ठिणगी व पेट्रोल दोन्ही बंद करतो. वीस-तीस मिनिटांनी सेन्सर निवला की गाडी पुन्हा सुरू. याची खूण अशी की बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरून हलतच नाही. सेन्सर ठीक असेल तर बहुतेक गाड्यांत तो थोडा वर उचलतो. काही जुन्या गाड्यांत हे काम डिस्ट्रिब्युटरमधील सेन्सर करतो. काटा नसलेल्या गाडीत, स्कॅनर जोडता येत असेल तर सेल्फ मारताना त्यावर आरपीएम येतो का ते पाहावे. दुसरी खात्री अशी करावी की किल्ली बंद करून संशयित सेन्सरवर ओले फडके पाच मिनिटे ठेवावे; एवढ्यानेच गाडी लगेच सुरू झाली, तर त्या सेन्सरवर संशय पक्का धरायला हरकत नाही. मात्र कनेक्टरमध्ये पाणी जाऊ देऊ नये आणि फॅनपासून हात लांब ठेवावा.

बंद अवस्थेतच ठिणगी पाहावी. प्लगची वायर हातात धरू नये. जादा प्लग वायरला लावून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. जवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर हा प्रयोग करूच नये. ठिणगी निळी आणि नियमित असेल, तर पेट्रोलकडे वळावे. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत किल्ली चालू करताच टाकीकडून एक-दोन सेकंद घूंऽऽ असा पंपाचा आवाज येतो. तो नसेल तर आधी पंपाचा फ्यूज पाहावा, मग त्याच क्रमांकाचा दुसरा रिले बदलून लावावा. रिलेच्या आतील सांधा भेगाळलेला असला की तो तापल्यावर सुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आवाज येत असेल, तर मेकॅनिककडून गेजने दाब मोजून घ्यावा. फिल्टर कधी बदलला हे आठवत नसेल, तर तो बदलावाच. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळते. ते ओलावा शोषते आणि जुन्या टाकीतील साचलेला गाळ सुटू शकतो, म्हणून जुन्या गाडीचे रबरी पाइप भेगाळले आहेत का तेही पाहावे. टाकीचे झाकण उघडताना जोराने हवा आत ओढली जात असेल, तर हवेची वाट तुंबलेली असू शकते. झाकण थोडे सैल ठेवून थोडे अंतर चालवले की ते समजते.

बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट क्षार पुसला म्हणजे काम झाले असे नाही. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडून, बोल्टखालचा गंज काढून पुन्हा घट्ट करावी. मल्टिमीटरने सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन यांच्यातील फरक मोजावा. तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग कमकुवत आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. गाडी चालू ठेवून किल्ली हलकेच हलवून पाहावी. डॅशबोर्डचे दिवे लुकलुकले तर इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट झिजले आहेत.

सिग्नलवरच बंद पडणाऱ्या गाडीत थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) काळ्या कार्बनने भरलेली सापडणे नेहमीचे आहे. ती क्लीनरने स्वच्छ करावी, आयडल व्हॉल्व्ह तपासावा आणि व्हॅक्यूम पाइप फाटला आहे का ते पाहावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत जेटमधील कचरा, फ्लोटची पातळी आणि आयडल कट सोलेनॉइडची (आयडलिंगचे पेट्रोल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर पाहावी. सीएनजी बसवलेली असेल, तर काही दिवस गाडी पेट्रोलवरच चालवावी. त्रास थांबला तर दोष किटच्या वायरिंगमध्ये किंवा गॅसच्या पुरवठ्यात शोधावा.

मेकॅनिककडे जाताना "गाडी बंद पडते" एवढेच न सांगता वहीतील नोंदी आणि केलेल्या चाचण्या सांगाव्यात. दुरुस्तीनंतर थंड गाडीला फेरी मारून समाधान मानू नये. ज्या वेळी, ज्या उन्हात आणि ज्या रस्त्यावर ती बंद पडत होती तिथेच, एसी लावून, पूर्ण गरम होईपर्यंत चालवून पाहावी.