गावात शेतीचं अनुदान कुणाला मिळालं, हे कसं शोधायचं

पीएम किसानपासून सुरुवात करा, कारण ती यादी घरबसल्या मिळते. योजनेच्या संकेतस्थळावर 'बेनिफिशियरी लिस्ट'मध्ये राज्यापासून गावापर्यंत निवडत गेलं की नावं उघडतात, लॉगिन लागत नाही. पण यादीत नाव आहे म्हणजे पैसे पोचलेच असं नाही. वर्षाचे ६,००० रुपये २,०००च्या तीन हप्त्यांत येतात. ई-केवायसी राहिली किंवा खात्याला आधार जोडलेलं नसलं की हप्ता अडकतो. आणि सरकारी कार्यालयातला शिपाई यादीत दिसला म्हणून लगेच बोंब नको. सरकारी नोकरदार अपात्र असले तरी गट ड कर्मचाऱ्यांना त्यातून सूट आहे.

ठिबक, ट्रॅक्टर, शेततळं यांच्या अनुदानात रक्कम मोठी आणि कागदही जास्त. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(ख)(बारा) प्रमाणे अनुदानाची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायचा असतो. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आधी तीच फाइल मागा. ती नसली किंवा जुनी असली, तर अर्ज टाका.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करायचा आणि १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. एका अर्जात एकच विषय, मजकूर साधारण १५० शब्दांत. बरेच अर्ज इथेच गारद होतात. गेल्या दहा वर्षांची सगळ्या योजनांची माहिती मागितली की नकार ठरलेला. 'अमक्याला अनुदान का दिलं?' असं विचारण्यातही अर्थ नाही; कार्यालयाने दप्तरी असलेले कागद द्यायचे असतात, खुलासे नाहीत. मजकूर असा ठेवा:

'मौजे (गाव) येथे (आर्थिक वर्ष) मध्ये ठिबक सिंचन अनुदान मिळालेल्या लाभार्थ्यांची यादी: नाव, गट नंबर, क्षेत्र, पूर्वसंमतीची तारीख, अदा केलेली रक्कम व तारीख. तसेच संबंधित मोका तपासणी अहवाल व बिलांच्या प्रती.'

आधार किंवा खाते क्रमांक चुकूनही मागू नका. वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने आणखी कडक केलंय. नकाराला आयतं कारण कशाला द्या? त्याच कलमावर नावंच नाकारली, तर अपिलात कलम ४ दाखवा आणि जनहितासाठी माहिती देता येते असं सांगणारं कलम ८(२) सुद्धा. ४(१)(ख)(बारा) त्या दुरुस्तीनंतरही जागेवर आहे.

कागद हाती आले की यादी, मोका म्हणजे जागेवरच्या तपासणीचा अहवाल आणि बिल शेजारी ठेवून ओळीओळीने जुळवा. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असेल, तर खरेदी आधी झाली आणि मंजुरी मागून आली. अहवालातला गट नंबर सातबाऱ्याशी ताडा. ८० आर (०.८ हेक्टर) जमिनीवर दीड हेक्टर ठिबक बसत नाही. अवजारांत अनुक्रमांक पाहा. एकच क्रमांक दोन बिलांवर असेल, तर यंत्र बहुधा एकच आहे. मात्र सामाईक खातं, जुना सातबारा किंवा टंकलेखनाची चूक यानेही आकडे फसतात, म्हणून तक्रारीआधी मूळ फाइल पाहण्यासाठी अवलोकनाचा अर्ज करा. पहिला तास फुकट असतो.

उत्तराला मुदत ३० दिवसांची. ती उलटली की माहिती विनाशुल्क द्यावी लागते, तोवर प्रतींचा दर पानाला २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्याच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे जोडपत्र 'ब' मध्ये पहिलं अपील करा, २० रुपयांच्या तिकिटासह. त्यानंतरचं दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जातं. हे सगळे दिवस मोजायचे तर अर्जाच्या पोचेवर शिक्का आणि तारीख हवी. ती घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.