कॉलेजच्या दवाखान्यात जाताना

कॉलेजच्या दवाखान्यात डॉक्टर ठरावीक वेळेलाच बसतात आणि बाहेर रांग असते. आपले हक्क त्या थोड्या मिनिटांत वापरायचे असतात, म्हणून तयारी निघण्यापूर्वीच करा.

कॉलेजचं ओळखपत्र, जुन्या चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या अख्ख्या स्ट्रिप्स सोबत घ्या. कापलेल्या तुकड्यावर नाव आणि मुदत दिसेलच असं नाही आणि ‘ती पांढरी गोळी’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. आयुर्वेदिक काढा, होमिओपॅथी, जिमची पावडर हेही सांगा. औषधाची ॲलर्जी असेल तर तेच पहिलं वाक्य असू द्या. आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत.

पावसाळ्यातल्या तापासाठी पहिला ताप कधी आला ती तारीख आणि वेळ लिहून न्या. डेंग्यूची एनएस१ चाचणी साधारण पहिल्या पाच दिवसांत कामाची, पुढे आयजीएम ही दुसरी रक्तचाचणी लागते. तारीख चुकीची सांगितली की चुकीची चाचणी होते, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि डेंग्यू झालेली मुलं लेक्चरला जाऊन बसतात. स्टेशनबाहेरच्या साचलेल्या पाण्यातून चालला असाल, पायाला जखम असेल, तर कुणी विचारायची वाट न बघता सांगा. लेप्टोची, म्हणजे साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, शंका त्यावरूनच घेतात. निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटॅमॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मुलं दवाखाना टाळतात त्याचं मोठं कारण म्हणजे घरी कळेल ही धास्ती. १८ पूर्ण असतील तर उपचाराची संमती तुमची स्वतःची. तुम्हाला विचारल्याशिवाय डॉक्टरांनी आईबाबांना, रेक्टरना किंवा वर्गशिक्षकांना काही सांगायचं नसतं. अपवाद आहेत: टीबीची नोंद सरकारकडे करावीच लागते आणि जिवाला धोका असेल तर गप्प राहता येत नाही. अकरावी-बारावीतल्यांच्या उपचारासाठी सहसा पालकांची संमती घेतात आणि १८ खालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. एचआयव्हीची चाचणी समजावून, संमती घेऊनच करायची. दार उघडं असेल आणि रांगेतल्यांना ऐकू जात असेल, तर ‘दार लावून घेऊ का?’ असं सरळ विचारा. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर मुलींनी नर्सला किंवा मैत्रिणीला आत थांबवावं. मनावरचा ताण असेल आणि दवाखाना बंद असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

चिठ्ठी हातात आली की तिथेच वाचा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का, औषधाचं जेनेरिक नाव (ब्रँडचं नव्हे, मूळ औषधाचं) वाचता येतंय का, गोळी जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि काय झालं तर परत यायचं? इंजेक्शन किंवा अँटिबायोटिकसाठी हट्ट धरू नका. अँटिबायोटिक दिलंच, तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

हजेरीसाठी दाखला हवा असेल तर आजारी पडाल त्याच दिवशी जा. मागची तारीख मागू नका. डॉक्टरांना दाखल्यावर तुमची सही आणि अंगावरची खूण नोंदवावी लागते. खोट्या दाखल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई होऊ शकते.

पुढे पाठवलं, म्हणजे नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, तर रेफरलची चिठ्ठी आणि रिपोर्टच्या प्रती मागून घ्या आणि केसपेपरसाठी सकाळी लवकर निघा. अवस्था तातडीची असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८. कॉलेजच्या दवाखान्यातल्या तुमच्या नोंदी नंतर हव्या असतील तर लेखी अर्ज करा. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार त्या ७२ तासांत मिळायला हव्यात. नाहीच मिळाल्या तर आधी प्राचार्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एमबीबीएस डॉक्टरांच्या वागणुकीची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या, म्हणून डॉक्टरांची पदवी चिठ्ठीवर आधीच पाहून ठेवा.