सोलापुरात घर बांधताय? या चुका टाळा, झोप आणि मूडचा प्रश्न आहे

लोक टाईल्स निवडायला महिना लावतात आणि खिडक्यांचं पाच मिनिटात उरकतात, हे बघून खरंच वैताग येतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पोरांची अभ्यासाची खोली बिनखिडकीची करणं. जुळे सोलापुरात एका घरात उन्हाच्या भीतीने उत्तरेची खिडकी बुजवून तिथं कपाट केलं, वर पीओपी, एलईडी, एसी. पोरगी दहावीला. दुपारी पुस्तक उघडलं की पेंगायची, रात्री एक वाजला तरी टक्क जागी, आणि घरचे म्हणायचे आळशी झालीय. अहो आळस कसला! डोळ्यात मेंदूला दिवस-रात्र कळवणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, त्यांना दिवसा भरपूर उजेड लागतो. ट्यूबखाली जेमतेम ३००-४०० लक्स (उजेड मोजायचं माप) मिळतात, बाहेर मोकळ्या सावलीत हजारोंनी. त्यात स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, दार लावून बसलं की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि डोकं जड होतं. मी आधी कपाट काढायला लावलं, खिडकी परत उघडली, टेबल तिथं सरकवलं, रात्री जेवणानंतर मोठे लाईट बंद. उत्तरेला ऊन फारसं येतच नाही, मे ते जुलै सकाळ-संध्याकाळ थोडं येतं त्याला छज्जा आणि पडदा पुरतो. दोन दिवसात फोन आला, "काय फरक नाही ओ". शरीराचं घड्याळ असं लगेच हलत नसतं, थांबा की जरा! पुढं झोप रुळावर आली.

दुसरं, पश्चिमेला बेडरूम. एप्रिल-मेत पारा ४२-४३ ला जातो, भिंत दुपारभर तापते आणि रात्री ती उष्णता आत सोडते. झोप लागायला शरीर थोडं थंड व्हावं लागतं, ते होत नाही, मग सकाळपासून घरात चिडचिड. पश्चिमेला जिना, बाथरूम टाका, गच्चीला दरवर्षी उन्हाळ्याआधी चुना मारा. नुसता मोठा एसी घेणं हा उपाय नाही, भिंत तापतच राहते.

घराच्या मधल्या उघड्या चौकावर स्लॅब टाकू नका. जुन्या वाड्यात हवा आणि उजेड तिथूनच खेळतो.

आवाजाची "सवय होते" हे तर बोलूच नका. १९७५ ला न्यूयॉर्कच्या एका शाळेचा अभ्यास छापून आला, रेल्वेकडच्या वर्गातली मोठी पोरं वाचनात जवळपास वर्षभर मागं होती. पुढं रुळाखाली रबर पॅड आणि वर्गात आवाज शोषणारं छत बसवल्यावर तो फरक गेला. शेजारी पॉवरलूम असेल तर त्या बाजूला किचन, स्टोअर ठेवा, पोरांची खोली नको.