कुत्रा पट्टा ओढतोय? मग या चुका टाळा

लॅब्राडोर असो नाहीतर गल्लीतून उचलून आणलेलं इंडी पिल्लू, पट्टा ओढतात ते एकाच कारणाने: ओढलं की पुढे जायला मिळतं. तो हट्टी आहे, त्याला घरचा बॉस व्हायचंय वगैरे लोक सांगतात ते सोडून द्या. त्याची साधी चालच आपल्यापेक्षा फास्ट असते आणि समोरच्या खांबावर रात्री कोणीतरी मुतून गेलेलं असतं, एवढाच विषय आहे.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कधी ओढू देणं आणि कधी नाही. बाबा सकाळी शिस्तीत थांबतात, संध्याकाळी पोरगा त्याच्यामागे धावत सुटतो, मग कुत्रा काय शिकणार, की दहावेळा जोर लावला की एकदा तरी जमतं, आणि अशी अधूनमधून जमणारी सवय तर अजूनच पक्की होते. नियम घरातल्या सगळ्यांना एकच हवा. पट्टा ताणला की झाडासारखं उभं राहायचं, ओरडायचं नाही, मागे खेचायचंही नाही, तो वळून बघेल किंवा एक पाऊल मागे येईल, पट्टा सैल झाला की लगेच पुढे. सुरुवातीला गेटपर्यंत जायलाच वेळ लागतो, शेजारी बघून हसतात, हसू दे.

आणि ऑफिसची घाई असेल त्या दिवशी? तेव्हा हार्नेसच्या (छाती-पाठीवरून बांधतात त्या पट्ट्याच्या) पाठीवरच्या कडीला पट्टा लावा, ओढलं तरी चालू द्या, पटकन शी-सू उरकून आणा, ट्रेनिंगच्या वेळी मात्र छातीवरच्या कडीला. कुठल्या कडीला कुठला नियम हे कुत्र्यांना बरोबर कळायला लागतं.

आता पट्ट्याबद्दल. दीड-दोन मीटरचा साधा पट्टा बेस्ट. तो बटणवाला, आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा शिकवताना अजिबात नको, कारण त्यात कायम थोडा ताण असतोच आणि ओढलं की लांबी वाढते, म्हणजे आपण नेमकं उलटं शिकवतोय. हाताला वेढे घालून धरू नका, मोठ्या कुत्र्याने अचानक झटका दिला तर बोटं जायची. चोक चेन, काट्यांचा कॉलर हे तर नकोच, गळ्याला इजा होते, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला आधीच श्वासाचा त्रास असतो, त्याला कॉलरवर खेचणं म्हणजे छळच.

ट्रीट देतात सगळे, पण चुकीच्या जागी! हात पुढे करून दिली की कुत्रा पुढेच येऊन तोंडाकडे बघत चालतो आणि आपल्या पायात अडखळतो. पँटच्या शिलाईला हात लावून, मांडीजवळ द्यायची, पट्टा सैल असतानाच. घरात चालणारं बिस्किट बाहेर चालत नाही, तिथे उकडलेलं चिकन लागतं, मीठ-कांदा न घालता, बारीक तुकडे. तेही घेत नसेल तर तो नखरे करत नाहीये, जास्तच एक्साइट झालाय किंवा घाबरलाय, थोडं लांब जा.

डायरेक्ट रस्त्यावर सुरुवात पण नको. आधी पॅसेज, मग टेरेस, मग रिकामं पार्किंग. खरं तर गडबड पट्टा खुंटीवरून काढतानाच सुरू होते, तो उड्या मारत असेल तर पट्टा परत ठेवून द्या, चारही पाय जमिनीवर आले की मगच दार उघडायचं.

गल्लीतली कुत्री दिसली की आपण नकळत पट्टा आखडतो, आणि तो ताण त्याला लगेच कळतो, मग भुंकणं सुरू. त्यांच्या हद्दीतून सरळ जाऊ नका, लांबूनच वळसा घ्या किंवा शांतपणे मागे फिरा.

वास घ्यायला देत नाहीत हेही चुकतंच. दहा पावलं नीट चालला की "जा, हुंग" म्हणून खांबापाशी न्या, ही ट्रीटपेक्षा मोठी लाच आहे आणि फुकट आहे.

एरवी नीट चालणारा अचानक ओढायला किंवा अडून बसायला लागला तर ट्रेनिंगच्या आधी पाय बघा. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे डांबर एवढं तापतं की बिचारा सावलीकडे धावत असतो. तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर ठेवून बघा, सहन होत नसेल तर संध्याकाळी उशिरा न्या. बोटांच्या बेचक्यात गोचीड, वाढलेली नखं, हार्नेसने काखेत घासलेलं, हेही तपासा, आणि लंगडत असेल तर सरळ व्हेटकडे.