युद्धात ‘प्रगती’ आहे म्हणतात, तेव्हा काय तपासायचं?

वर्तमानपत्राच्या परदेशी पानासाठी मी बरीच वर्षं एजन्सीच्या बातम्या मराठीत केल्या. अफगाणिस्तानचं युद्ध जवळजवळ पूर्ण माझ्या हाताखालून गेलं. ‘निर्णायक वळण’ हा मथळा मी स्वतः किती वेळा दिला असेल! त्याची टोचणी लागली आणि मी एक वही घातली.

तुम्हीही घाला. दावा, तारीख आणि बोलणाऱ्याचं पद, एवढंच उतरवा. सुटा दावा पटतोच; दोन नोंदी शेजारी आल्या की शंका येते. फेब्रुवारी 2017 मध्ये अफगाणिस्तानातल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल निकल्सन अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे म्हणाले, कोंडी झाली आहे. त्याच नोव्हेंबरात तेच म्हणाले, आम्ही वळण पार केलं. मधल्या काळात नवं धोरण आलं होतं, हवाई हल्ले वाढले होते. पण ही झाली पेरणी. उगवलं काय?

म्हणून प्रत्येक आकड्यापुढे ‘पेरलं’ की ‘उगवलं’ ते लिहा. किती जवान तयार केले, किती डॉलर ओतले, किती शत्रू मारले, हे सगळं पेरलेलंच. व्हिएतनाममध्ये मारलेल्यांची मोजदाद हेच प्रगतीचं माप होतं. नोव्हेंबर 1967 मध्ये तिथल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल वेस्टमोरलँड यांना शेवट दृष्टिपथात दिसत होता, आणि जानेवारी 1968 संपताना शत्रूने देशभर एकाच वेळी चढाई केली, तो टेटचा हल्ला झाला.

सर्वांत जास्त लक्ष मात्र गायब होणाऱ्या आकड्यावर ठेवा. अफगाण पुनर्बांधणीच्या खर्चावर देखरेखीसाठी अमेरिकी काँग्रेसने 2008 मध्ये ‘सिगार’ हे महानिरीक्षक कार्यालय उभं केलं. त्याचे तिमाही अहवाल रटाळ असायचे, पण खरी बातमी तिथेच असायची. 2015 च्या नोव्हेंबरात 72 टक्के जिल्हे सरकारच्या ताब्यात किंवा प्रभावाखाली होते. 2017 च्या ऑक्टोबरात 56. जानेवारी 2018 च्या अहवालात ते आकडे छापू नका, असं अमेरिकी लष्कराकडून सांगण्यात आलं. बोभाटा झाल्यावर ‘चूक झाली’ म्हणत ते दिले गेले. 2019 मध्ये मोजणीच थांबवली. अफगाण जवानांच्या मृत्यूंचे आकडे तर 2017 मध्येच गुप्त झाले होते. ती सगळी कुणाची तरी पोरं होती. मेल्यावर त्यांची गणतीही लोकांना कळू दिली नाही, याचा मला आजही संताप येतो. काय सांगितलं जातं यापेक्षा गेल्या तिमाहीत काय सांगत होते आणि आता काय गाळलं, ते पाहा.

सैन्याच्या संख्येला ‘हजेरीपटावर की मैदानात?’ असं विचारा. जुलै 2021 मध्ये बायडन यांनी तीन लाख सुसज्ज अफगाण सैनिकांचा हवाला दिला. कागदावरच्या, पण पगार निघणाऱ्या सैनिकांबद्दल सिगार आधीपासून इशारे देत होतं. 15 ऑगस्टला काबूल तालिबानच्या हाती पडलं.

आणि हो, ‘सगळं संपलं’ म्हणणाऱ्यालाही हीच वही दाखवा. त्याचीही तारीख लिहा.

मथळ्यातून ‘लष्कराचा दावा’ हे दोन शब्द मी नंतर कधी गाळले नाहीत. जागा कमी पडली, तर फोटो लहान केला.